रिव्हेंज ऑफ द सिथ ही खरी शोकांतिका आहे का? ॲनाकिनच्या हातात काही होतं की नव्हतं?

उंबरठा

काल रात्री परत एकदा स्टार वॉर्सचा तिसरा भाग, म्हणजे २००५ सालचा रिव्हेंज ऑफ द सिथ, बघितला. कितव्यांदा ते आता आठवत नाही. पण या वेळी एक प्रश्न डोक्यात असा अडकलाय की जातच नाहीये, म्हणून इथे विचारतोय. ज्यांनी अजून बघितला नसेल त्यांनी पुढे वाचू नका, सगळी गोष्ट फोडणार आहे.

नायक ॲनाकिन हा जेडाय, म्हणजे फोर्स नावाची अद्भुत शक्ती वापरणाऱ्या योद्ध्यांच्या पंथातला. त्याला स्वप्नं पडतात की त्याची बायको पॅडमे बाळंतपणात मरणार. आधीच्या भागात त्याला आईबद्दल अशीच स्वप्नं पडत होती, तो पोचेपर्यंत उशीर झाला आणि आईने त्याच्या मांडीवर जीव सोडला, त्यामुळे या वेळी तो मनाशी पक्कं करतो की काहीही झालं तरी हे होऊ द्यायचं नाही. आणि ते होऊ नये म्हणून तो जे जे करत जातो त्यातूनच ते होतं. वरून चॅन्सेलर पण आतून जेडायांच्या शत्रूंपैकी, म्हणजे सिथ, असलेल्या पॅल्पटीनच्या नादी लागतो, ज्यांच्यात लहानाचा मोठा झाला त्या जेडायांच्या जिवावर उठतो, मंदिरातल्या चिमुरड्या मुलांना मारतो आणि शेवटी मुस्ताफारवर, त्या लाव्हाच्या ग्रहावर, पॅडमेचाच गळा आवळतो. ती ल्यूक आणि लेया या जुळ्यांना जन्म देते आणि जाते. स्वप्न खरं झालं, पण त्याने ते टाळायची धडपड केली नसती तर कदाचित झालंच नसतं!

कॉलेजात आम्हाला प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसचा ईडिपस अभ्यासाला होता त्यामुळे मला लगेच तोच आठवला. पण भाऊ म्हणतो की ही शोकांतिका वगैरे काही नाही, ईडिपसला काही माहीतच नव्हतं, तो बिचारा नशिबाचा बळी, याने मात्र प्रत्येक वेळी डोळे उघडे ठेवून वाईट तेच निवडलं, मग भोगलं त्यात नवल काय. मला ते पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. नशिबात होतं म्हणावं तर त्या मुलांच्या खुनाला माफी दिल्यासारखं होतं, आणि त्यानेच सगळं निवडलं म्हणावं तर मग शेवटी तो काळा मुखवटा खाली येताना मला दर वेळी भरून का येतं?

जाणकारांनी सांगा प्लीज.

तिसरी_घंटा

चांगला प्रश्न काढलात. तुमच्या भावाने ईडिपसला जरा जास्तच बिचारा करून टाकलाय असं मला वाटतं, तिथूनच सुरू करू.

भविष्य काय होतं, तर तू बापाला मारशील आणि आईशी लग्न करशील. डेल्फीला, अपोलो देवाच्या मंदिरात, हे ऐकल्यावर तो कॉरिंथ सोडून पळतो, कारण तिथले राजाराणी हेच आपले आईबाप असं त्याला वाटतं. इथवर ठीक. पण पुढे तीन रस्ते मिळतात त्या ठिकाणी एका रथातल्या म्हाताऱ्याशी वाटेवरून बाचाबाची होते, म्हातारा त्याच्या डोक्यात काठी हाणतो आणि हा रागाच्या भरात त्याला आणि त्याच्या माणसांना ठार मारतो. तोच त्याचा खरा बाप असतो. नुकतंच ज्याला सांगितलंय की तू बापाला मारणार, तो माणूस बापाच्या वयाच्या अनोळखी माणसावर हात उचलतो! तिथे कुठल्या देवाने त्याचं मनगट धरलं नव्हतं. तो राग त्याचाच आहे आणि पुढे आंधळ्या भविष्यवेत्त्या टायरेसियसशी, मेहुण्या क्रेऑनशी बोलतानाही आपल्याला तोच राग दिसतो.

शेवटी सगळं कळल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून बाहेर येतो तेव्हा कोरसवाले, म्हणजे नाटकातला समूह, विचारतात, कुठल्या देवाने तुला हे करायला लावलं? तो म्हणतो की ही दुःखं अपोलोने आणली, पण वार करणारा हात माझाच होता, दुसऱ्या कोणाचा नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. ग्रीकांना नशीब की निवड असा एकच पर्याय उचलायचा नव्हताच, दोन्ही एकाच हातात असतात. त्यामुळे ॲनाकिनला शोकांतिकेचा नायक म्हटलं म्हणून त्याचे खून माफ होत नाहीत, ईडिपसचेही झाले नाहीत, तो स्वतःच स्वतःला माफ करत नाही.

शोकांतिकेवर लिहिणाऱ्या ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने हॅमार्शिया हा शब्द वापरलाय, ज्याचं भाषांतर आपल्याकडे नायकाचा दोष असं करून टाकतात. मूळ क्रियापदाचा अर्थ नेम चुकणे, बाण सोडला पण लक्ष्याला लागला नाही. ॲनाकिन नेम धरतो बायकोला वाचवायचा. तो संतही नाही आणि नीचही नाही, मधला आहे, आणि ॲरिस्टॉटलला हाच माणूस हवा होता, कारण संत पडला तर किळस येते आणि दुष्ट पडला तर समाधान वाटतं, दोन्हींत करुणा नाही आणि भीतीही नाही. तुम्हाला भरून येतं ना, मग तुमच्या भावाच्या मुद्द्याला तेच उत्तर आहे.

अजून एक गोष्ट राहिली. अथेन्सच्या प्रेक्षकांना ईडिपसचं काय होणार हे नाटकाला येण्याआधीच माहीत असायचं. २००५ मध्ये थिएटरात बसलेल्या लोकांनाही माहीत होतं, कारण डार्थ व्हेडर, म्हणजे काळ्या मुखवट्यातला पुढचा ॲनाकिन, १९७७ पासून पडद्यावर होता. त्यामुळे पुढे काय होईल ही उत्सुकता गळून पडते आणि आपण फक्त बघत बसतो की हा आता कुठल्या पायरीवर आहे, अजून थांबू शकतो का. शेवट आधी आणि सुरुवात नंतर, अशा उलट्या क्रमाने गोष्ट सांगितल्यामुळे हे आपोआप साधलं.

रानवाट

घंटा यांचा प्रतिसाद आवडला, पण मला दोन ठिकाणी खटकतं.

एक म्हणजे अपोलो खोटं बोलत नाही आणि त्याचा काही फायदाही नाही. इथे मात्र नशिबाच्या खुर्चीत पॅल्पटीन बसलाय. तो ऑपेराचा सीन आठवा, समोर पाण्याच्या गोळ्यात ते नाचणारे जीव चाललेत आणि हा शेजारी बसून अगदी हळू आवाजात डार्थ प्लेगसची गोष्ट सांगतो, की एक सिथ असा होता जो आपल्या माणसांना मरणापासून वाचवू शकायचा. ॲनाकिन विचारतो ही विद्या शिकता येते का, तर म्हणतो जेडायकडून नाही. ही भविष्यवाणी नाही हो, हा सापळा आहे. कोणीतरी फसवलं म्हणून माणूस बुडाला तर ती फसवणुकीची गोष्ट झाली, नियतीची कशी?

दुसरं म्हणजे घाई. पॅल्पटीनला मारायला निघालेल्या मेस विंडू या ज्येष्ठ जेडायचा हात तोडल्यावर ॲनाकिन म्हणतो हे मी काय करून बसलो, आणि त्यानंतर मिनिटभरात गुडघे टेकून सिथ होतो आणि मग थेट मंदिरातली मुलं. हॅमार्शिया म्हणून एक मोठी चूक मी मान्य करेन, पण पश्चात्तापापासून बालहत्येपर्यंतचं अंतर सिनेमाने भरलेलंच नाही. शोकांतिकेत एका घटनेतून दुसरी निघायला हवी, हेही ॲरिस्टॉटलचंच म्हणणं. आणि पॅडमेचं मरण! तो यंत्रमानव डॉक्टर सांगतो की शरीराने ती ठणठणीत आहे, तिची जगायची इच्छाच संपलीय. जी बाई कोवळ्या वयात राणी होती, सेनेटमध्ये उभी राहून भांडायची, ती दोन तान्ह्या पोरांना टाकून जगण्याची इच्छा सोडते हे मला कधीच पटलं नाही. नियतीला हवंय म्हणून तिला मारलंय असं वाटतं.

तरी हा सिनेमा मला आवडतो, म्हणूनच एवढं लिहितेय.

जुनी_वही

रानवाट, फसवणुकीचा मुद्दा तुम्ही काढलात म्हणून लिहावंसं वाटलं, नाहीतर नुसती वाचून गेले असते. सगळेजण या सिनेमाला ईडिपस लावतात पण सोफोक्लीसचंच दुसरं एक नाटक याच्या जास्त जवळ आहे आणि त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. ट्रॅकिसच्या स्त्रिया. त्यातली डिआनिरा, हेराक्लीसची बायको.

गोष्ट अशी आहे. ती नवी नवरी असताना नेसस नावाचा सेंटॉर, म्हणजे अर्धा घोडा अर्धा माणूस, तिला पाठीवर घेऊन नदी पार करत असतो आणि मध्येच तिच्या अंगाला हात लावतो. हेराक्लीस काठावरून बाण मारतो, त्या बाणाला हायड्रा नावाच्या राक्षसी सापाचं विष असतं. मरता मरता नेसस तिला सांगतो की माझं हे गोठलेलं रक्त जपून ठेव, नवऱ्याचं मन कधी दुसरीकडे वळलं तर हे वशीकरण कामी येईल. ती ते वर्षानुवर्षं उन्हापासून आणि आगीपासून लांब, लपवून ठेवते. मग हेराक्लीस युद्ध जिंकून इओली नावाच्या तरुण मुलीला घरी पाठवतो. डिआनिरा काही आदळआपट करत नाही, त्या मुलीची तिला दयाच येते, पण नवरा आपला राहणार नाही ही भीती तिला पोखरते. ती एका झग्याला ते रक्त लावते आणि भेट म्हणून पाठवून देते.

आणि मग तो प्रसंग, ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय. रक्त लावायला तिने मेंढीच्या लोकरीचा एक बोळा वापरलेला असतो, काम झाल्यावर तो उन्हात टाकलेला असतो. थोड्या वेळाने बघते तर तो बोळा करवतीच्या भुशासारखा भुगा होऊन पडलाय आणि जिथे पडलाय तिथल्या जमिनीतून फेस उकळतोय. झगा तर निघून गेलेला असतो. तेव्हा तिच्या मनात येतं की जो माझ्यामुळे मरत होता तो मरताना माझं भलं कशाला करेल?

हाच प्रश्न ॲनाकिनने विचारायला हवा होता ना! हा माणूस माझ्या बायकोला का वाचवेल? आणि सिनेमात तो बोळ्याचा क्षणही आहे बघा. विंडू मेल्यावर ॲनाकिन म्हणतो, फक्त पॅडमेला वाचवायला मदत करा. तेव्हा पॅल्पटीन काय म्हणतो, तर मरणाला चकवण्याची ताकद आजवर एकालाच मिळालीय, पण आपण दोघांनी मिळून प्रयत्न केला तर ते रहस्य नक्की सापडेल. म्हणजे ते त्याच्याकडे नाहीच! ज्याच्यासाठी सगळं विकलं ती वस्तू दुकानात नव्हतीच आणि हे कळतं कधी, तर पैसे मोजून झाल्यावर. डिआनिरा तो भुगा बघून थरथरते, ॲनाकिन बघून न बघितल्यासारखं करतो, कारण आता थांबला तर विंडूचा खून फुकट गेला असं होतं. तुम्ही म्हणता ती घाई मला तरी इथे कळते. पहिल्या पापाची किंमत वसूल व्हायला हवी म्हणून माणूस दुसरं करतो. सिनेमाने हे दाखवायला दोन मिनिटं अजून द्यायला हवी होती हे मात्र मान्य.

राहता राहिली नियती. डिआनिरालाही फसवलंच होतं, तरी ती शोकांतिका आहे, कारण फसवणूक तिच्या भीतीला धरून आत शिरते. आणि नाटकाच्या शेवटी हेराक्लीसला नेससचं नाव कळतं तेव्हा त्याला जुनं भाकीत आठवतं, की कुठलाही जिवंत प्राणी तुला मारणार नाही, मेलेला मारेल. माणसाचा सापळा आणि देवाचं भाकीत एकच निघालं. पॅल्पटीनचंही मला तसंच वाटतं, ती स्वप्नं त्याने पाठवली की फोर्सने हे सिनेमा सांगत नाही आणि सांगितलं नाही तेच बरं.

पॅडमेच्या मरणाबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. डिआनिराचं जाणं किती वेगळं आहे बघा. मुलगा येऊन सांगतो की तुझ्या झग्याने बाबा जळतायत, शिव्याशाप देतो, आणि ती एक शब्द न बोलता आत निघून जाते. कोरसवाल्या बायका विचारतात, गप्प का जातेस, गप्प राहिलीस तर त्याचं म्हणणं कबूल केल्यासारखं होईल. ती तरीही गप्पच. पुढचं आपल्याला दाईकडून कळतं.

अक्षांश

वाचतोय, मस्त चाललंय. छोटीशी भर घालतो.

१९८० च्या भागात ल्यूकला पण अगदी तेच होतं. त्याला मित्र यातनेत असल्याचं दिसतं, तो विचारतो ते मरतील का, जेडाय गुरू योडा म्हणतो भविष्य सांगणं कठीण, ते सतत हलत असतं. ल्यूक ऐकत नाही, धावत जातो आणि हात गमावून बसतो. बापाने केलेलीच चूक. पण १९८३ मध्ये सम्राट झालेल्या पॅल्पटीनसमोर, व्हेडरला खाली पाडल्यावर, तो लाइटसेबर, म्हणजे आपली प्रकाशाची तलवार, फेकून देतो. म्हणजे त्याच घराण्यात, त्याच परिस्थितीत, दुसरा रस्ता होता. म्हणून ॲनाकिनच्या नशिबात लिहिलंच होतं हे मला पटत नाही.

आणि हे भविष्य टाळायला जाऊन तेच घडवणं टर्मिनेटरमध्ये पण आहे (१९८४ चा पहिला). यंत्रं पुढाऱ्याच्या आईला मारायला मारेकरी भूतकाळात पाठवतात, तिला वाचवायला जो सैनिक येतो तोच त्या पुढाऱ्याचा बाप होतो. मारेकरी पाठवला नसता तर पोरगा जन्मलाच नसता. आपल्याकडे कंसाचं पण हेच ना? आकाशवाणी ऐकली, देवकीला कोंडलं, पोरं मारली आणि शेवटी त्यातूनच मरण आलं.

तिसरी_घंटा

कंसाचं उदाहरण अगदी योग्य आहे आणि त्यामुळे फरकही दिसतो. कंस मेल्यावर कोणाला रडू येत नाही, कारण तो जे करतो ते स्वतःच्या जिवासाठी. ॲनाकिन सुरुवात करतो दुसऱ्याच्या जिवासाठी. पण मुस्ताफारला पोचेपर्यंत बघा काय झालंय. पॅडमे म्हणते चल, सगळं सोडून जाऊ, मूल वाढवू, आणि हा म्हणतो की आता पळायची गरज नाही, मी चॅन्सेलरलाही उलथवू शकतो, तू आणि मी मिळून राज्य करू. ती समोर जिवंत उभी आहे, हवं होतं ते मिळालेलं आहे, फक्त जहाजात बसून निघायचं! आणि तो तिला गादीबद्दल सांगतोय. माझ्यासाठी सिनेमाचा खरा कडेलोट तिथे आहे, तलवारबाजी नंतरची. आधी योडाने त्याला सांगितलं होतं की जे गमावायची भीती वाटते ते सोडायला शीक. त्या वेळी तो सल्ला किती कोरडा वाटतो, आपल्यालाही वाटतं की अरे त्याची बायको मरतेय आणि हे काय सांगताय! योडाला बायको आहे हेच माहीत नसतं, आणि ॲनाकिन सांगू शकत नाही. एक वाक्य बोलला असता तर. शोकांतिकेत हे असं एक न बोललेलं वाक्य बहुतेक वेळा सापडतं.

उंबरठा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं काही मिळेल असं वाटलं नव्हतं. ट्रॅकिसच्या स्त्रिया शोधून वाचायला घेतोय.

वरचं वाचून एक सीन परत लावून बघितला. जेडाय कौन्सिलच्या रिकाम्या खोलीत ॲनाकिन एकटा बसलाय, विंडूने सांगितलंय इथेच थांब. आणि तिकडे शहराच्या दुसऱ्या टोकाला पॅडमे तिच्या घरात उभी आहे. मावळतीचा उजेड. दोघं आपापल्या खिडकीतून एकमेकांच्या दिशेने बघतात, एकमेकांना दिसणं शक्यच नाही एवढं अंतर. एकही संवाद नाही, फक्त जॉन विल्यम्सच्या संगीतात एक बाईचा आवाज, शब्द नसलेला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी. मग तो उठतो आणि निघतो. भावाला हाच तुकडा दाखवला, म्हटलं सांग इथे त्याने वाईट निवडलं का? तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, इथे बसून राहायला पाहिजे होतं. म्हटलं हो, पण तुला बसवलं असतं? त्यावर काही बोलला नाही.

अक्षांश, ल्यूकचा मुद्दा मी पण त्याला सांगितला. ल्यूकला निदान बापाचं उदाहरण समोर होतं, ॲनाकिनच्या समोर कोणीच नव्हतं, असं मला वाटतं.

रानवाट

नेससबद्दल वाचून माझं पहिलं म्हणणं मी मागे घेते, सापळा आहे म्हणून नियती नाही असं नाही. पॅडमेच्या मरणाबद्दल मात्र ठाम आहे.

आणि आता एक गोष्ट माझ्याकडून. ग्रीक नाटकात सत्य कळण्याचा जो क्षण असतो, ज्याला मराठीत अभिज्ञान म्हणतात, तो ईडिपसला एका दिवसात पूर्णच्या पूर्ण मिळतो, काही शिल्लक राहत नाही. इथे मुखवटा बसवल्यावर व्हेडरचा पहिला प्रश्न असतो, पॅडमे कुठे आहे, सुखरूप आहे ना? सम्राट सांगतो की रागाच्या भरात तूच तिला मारलंस. व्हेडर म्हणतो नाही, ती जिवंत होती, मला जाणवलं होतं. म्हणजे त्याला कळलेलं सत्यही अर्धंच आहे, मुलं जगली हे कोणी त्याला सांगत नाही.

आता १९७७ चा भाग परत बघा. व्हेडर कोठडीत शिरतो ती चौकशीची सुई घेतलेलं यंत्र बरोबर घेऊन, समोर लेया. पुढे तिचा ग्रह तिच्या डोळ्यांदेखत उडवतात तेव्हा हाच मागे उभा राहून तिचा खांदा धरून असतो. त्याची स्वतःची मुलगी, आणि तिच्या आईला वाचवायला निघालेला हा माणूस. त्याला ते कळतं थेट १९८३ च्या भागात, ल्यूकच्या मनात शिरून, की तुला जुळी बहीण आहे. मी पहिल्यांदा बघितला तेव्हा यातलं काही जाणवलं नव्हतं. आता तो कोठडीचा सीन मला बघवत नाही.